बार दीडपर्यंत, लोकल एकपर्यंत!

शुक्रवारची संध्याकाळ मित्रमंडळींसह बाहेर घालवायची म्हटले, तर मुंबईकर नोकरदाराला आता फारशी उठाठेव करावी लागत नाही. टेबल मोबाइलवर राखून ठेवता येते, पदार्थांचे दर घरबसल्या पाहता येतात आणि कुठे कोणते संगीत वाजणार, हेही आधी कळते. लोअर परळमध्ये तर पर्यायांचा सुकाळच आहे. कमला मिल, मथुरादास मिल, तोडी मिल, फिनिक्स या एकेकाळच्या गिरण्यांच्या आवारांत बार, पब, कॅफे आणि उपाहारगृहे इतकी दाटीवाटीने उभी आहेत की, एका आवारातून दुसऱ्या आवारात पायी जात अख्खी रात्र काढता यावी. प्रश्न पडतो तो घरी परतताना. नेमके तेव्हाच लक्षात येते की, या परिसरातील रात्रीचे नियोजन ग्राहकाने केले आहे, हॉटेलमालकाने केले आहे. केलेले नाही ते फक्त शहराने.

लोअर परळची रात्र आज तीन वेगवेगळ्या घड्याळांवर चालते. पहिले घड्याळ कामगार विभागाचे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ अमलात आला आणि दुकाने-उपाहारगृहे चोवीस तास, वर्षाचे सर्व दिवस उघडी ठेवण्याचा मार्ग मोकळा झाला. जानेवारी २०२० मध्ये तत्कालीन राज्य मंत्रिमंडळाने ‘मुंबई २४ तास’ धोरणाला मान्यता दिली आणि २७ जानेवारीपासून मॉल व मिल कंपाऊंडसारख्या अनिवासी, बंदिस्त संकुलांपासून प्रारंभ करण्याचे ठरले. दोन महिने होण्यापूर्वीच टाळेबंदी आली आणि धोरण कागदावर राहिले. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारला पुन्हा शासन निर्णय काढून स्पष्ट करावे लागले की, मद्य देणारी ठिकाणे वगळता सर्व आस्थापनांना चोवीस तास मुभा आहे. आठ वर्षांपूर्वीच्या कायद्यात जे होते, तेच पुन्हा सांगावे लागले, यावरून प्रत्यक्ष रस्त्यावर काय चालत असावे, याची कल्पना येते.

दुसरे घड्याळ मद्याचे. सर्वसाधारण परमिट रूम व बार रात्री दीड वाजता बंद होतात आणि २०२० च्या धोरणानेही या वेळेला हात लावला नव्हता. तिसरे घड्याळ रेल्वेचे. चर्चगेटहून बोरिवलीकडे जाणारी शेवटची लोकल मध्यरात्री एकच्या सुमारास निघते. करी रोड वा परळहून कर्जत-कसाऱ्याच्या दिशेने जाणाऱ्यांची गाडी त्याहूनही आधी. म्हणजे बारचे दिवे मालवले जातात, तेव्हा लोअर परळच्या फलाटावरून शेवटची गाडी निघून गेलेली असते. पुढची गाडी पहाटे चारनंतर. मधल्या अडीच-तीन तासांचे काय, याचे उत्तर तीनपैकी एकाही घड्याळात नाही.

परवान्यातला ‘परमिट’

मद्याच्या घड्याळामागे मोठा इतिहास आहे. मुंबई प्रांतात दारूबंदी कायदा १९४९ साली झाला आणि तोच, अनेक दुरुस्त्यांसह, आजही लागू आहे. कायद्याची भाषा अजूनही बंदीची आहे. पिणे हा त्यातील अपवाद. पिणाऱ्याजवळ वैयक्तिक परवाना असावा, अशी अपेक्षा असते आणि ‘परमिट रूम’ हा अस्सल मुंबईकर शब्द त्यातूनच आला. बारमध्ये बसणाऱ्या किती जणांकडे हा परवाना असतो, हे विचारण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही.

वयाचा प्रश्न मात्र इतका हसण्यावारी नेण्यासारखा नाही. राज्यात बीअर व वाइनसाठी २१, तर व्हिस्की-रमसारख्या कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असणे बंधनकारक आहे. १९ मे २०२४ रोजी पुण्यातील कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीने दोन तरुण संगणक अभियंत्यांचा बळी घेतला. चालक अवघा १७ वर्षांचा होता आणि त्यापूर्वी तो मित्रांसह मद्यालयांत गेला होता, असे पोलिस तपासात पुढे आले. त्यानंतर दोन महिनेही उलटले नव्हते, तोच ७ जुलैच्या पहाटे वरळीत ससून डॉकहून मासळी घेऊन परतणाऱ्या कोळी दाम्पत्याच्या दुचाकीला मोटारीने धडक दिली आणि त्यातील महिलेचा मृत्यू झाला. संशयित पंचविशीच्या आतील होता आणि त्याला जुहूच्या एका बारमध्ये कडक मद्य देण्यात आल्याचे उत्पादन शुल्क विभागाने म्हटले. दोन्ही वेळी बारना टाळे ठोकले गेले, हातोडा चालला, तपासणी मोहिमा निघाल्या. पण दारात ओळखपत्र पाहण्याची रोजची, कंटाळवाणी शिस्त अपघातानंतरच्या मोहिमेने लागत नाही. गटात एखादा बावीस-तेवीस वर्षांचा सहकारी असेल, तर त्याच्या हाती काय द्यायचे, हा निर्णय टेबलावर बसण्यापूर्वीच झालेला बरा.

खानावळीपासून पबपर्यंत

गिरणगावाला रात्रीचे जागणे नवे नाही. तीन पाळ्यांत चालणाऱ्या गिरण्यांमुळे हा भाग शहरातील इतर वस्त्यांच्या कितीतरी आधीपासून चोवीस तास जागा होता. कोकण आणि घाटावरून आलेले हजारो कामगार एका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि महिन्याच्या हिशेबावर खानावळीत जेवत. या खानावळी चालवणाऱ्या बहुतेक बायका गिरणी कामगारांच्याच घरातल्या. सावकाराच्या व्याजात पिचलेल्या या महिलांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गिरणगावातील ‘खाद्यव्यवसाय’ म्हणजे मुळात हा.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि तो संप औपचारिकरीत्या कधी संपलाच नाही. गिरण्या थंडावल्या, जमिनी उरल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते: महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी एक, म्हाडाकडे घरांसाठी एक आणि मालकाकडे एक. २००१ च्या बदलाने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जागेपुरती उरली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. आज लोअर परळमध्ये पदपथ नाही, मैदान नाही, दोन मोटारी समोरासमोर आल्या तर कोंडी होते, त्याचे मूळ पबमध्ये नसून या एका दुरुस्तीत आहे. शहराला मिळू शकणारी जागाच मिळाली नाही. मग जुन्या शेडमध्ये जे आधी आले, ते टिकले. मथुरादास मिलमध्ये २००७ साली सुरू झालेल्या ‘ब्लू फ्रॉग’ने येथे संगीत ऐकायला संपूर्ण शहर आणले, २०१६ मध्ये ते बंद झाले, तोवर आजूबाजूच्या शेडचे भाडे आणि स्वरूप दोन्ही पालटले होते.

चाळीतली पिढी मात्र सगळीच गेलेली नाही. लालबागची चिवडा गल्ली आहे, मसाल्याची दुकाने आहेत, मालवणी जेवणाची छोटी हॉटेले आहेत. रात्रीची सुरुवात अशा एखाद्या ठिकाणी सुरमईच्या तुकडीने करून मग पबकडे वळणारे जाणते लोक आहेत. पोटही भरते आणि पबमधले बिलही आटोक्यात राहते.

बिलाचा विषय निघालाच आहे तर एवढे सांगितले पाहिजे. जेवणावर साधारणपणे ५ टक्के जीएसटी लागतो. मद्य जीएसटीबाहेर असून त्यावर राज्याचा व्हॅट आकारला जातो. बारमधील मद्यावरील हा व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला. जून २०२५ मध्ये उत्पादन शुल्कही वाढवण्यात आले आणि त्याविरोधात ‘आहार’ या हॉटेल व्यावसायिकांच्या संघटनेच्या हाकेवरून १४ जुलै रोजी राज्यातील बार बंद राहिले. दर काही उतरले नाहीत. सेवा शुल्क मात्र ग्राहकावर लादता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे निर्देश दिले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरले.

दोन तारखा, तीन महिने

लोअर परळच्या रात्रीविषयी बोलताना २०१७ टाळता येत नाही. २९ सप्टेंबर रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण मरण पावले. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर कमला मिलमधील इमारतीच्या गच्चीवरील दोन पबना आग लागली आणि १४ जणांचा बळी गेला. बहुतेकांचा मृत्यू भाजून नव्हे, तर धुराने गुदमरून झाला. बाहेर पडायची वाट न सापडल्याने अनेकांनी प्रसाधनगृहात आसरा घेतला होता. हुक्क्याच्या निखाऱ्यांच्या ठिणग्यांनी आग लागल्याचा निष्कर्ष अग्निशमन दलाने काढला. दोन्ही दुर्घटनांचे कारण तपशिलात निराळे असले, तरी जात एकच: गिरण्यांच्या मापाने बांधलेल्या परिसरात कितीतरी पट माणसे कोंबली गेली आणि त्यांना बाहेर काढणारा रस्ता तेवढाच राहिला. विशेष म्हणजे गच्चीवरील हॉटेलांना परवानगी देणारे महापालिकेचे धोरण या आगीच्या जेमतेम दोन महिने आधी मंजूर झाले होते.

आगीनंतर काय बदलले? उच्च न्यायालयाने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती ए. व्ही. सावंत यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१८ मध्ये राज्यात हुक्का पार्लरवर बंदी आली. अग्निप्रतिबंधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, सादर करण्याची कायदेशीर तरतूद तर २००६ च्या अधिनियमातच आहे. मात्र हे प्रमाणपत्र मालकाने नेमलेल्या परवानाधारक संस्थेकडून मिळते आणि ते दारावर लावलेले क्वचितच दिसते. परवाना मद्याचा असेल, तर तो ठळकपणे लावलाच पाहिजे. मग अग्निसुरक्षेचा दाखला ग्राहकाला दिसेल असा लावण्यात अडचण कोणती? टेबल राखण्यापूर्वी लोक पदार्थांची छायाचित्रे पाहतात. दुसरा जिना कुठे आहे, हे पाहायची सोय नाही.

शेजारच्या गोव्यात ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफडे येथील नाइट क्लबला लागलेल्या आगीत २५ जण दगावले. त्यातील बहुसंख्य तेथे मौजमजेसाठी आलेले पर्यटक नव्हते, तर तळघरातील स्वयंपाकघरात व अन्यत्र राबणारे कर्मचारी होते.

दीडनंतर

परतीच्या वाटेकडे पुन्हा वळू. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड या संपूर्ण मार्गावर सुरू झालेल्या भुयारी मेट्रोने वरळी-लोअर परळ परिसर बराच जवळ आणला. आचार्य अत्रे चौक स्थानकातून मिल कंपाऊंड फार दूर नाहीत. पण मेट्रोची शेवटची गाडी साडेदहाच्या सुमारास सुटते, म्हणजे पबमध्ये गर्दी भरू लागते तेव्हा. रिक्षांना शहर भागात परवानगीच नाही. काळ्या-पिवळ्या टॅक्सीला मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत सव्वापट भाडे पडते आणि ॲपवरील टॅक्सीचे दर दीड वाजता, सर्वच बार एकदम रिकामे होत असल्याने, आकाशाला भिडतात. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टन पूल पाडकामासाठी बंद झाल्याने पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारी वाहतूक उरलेल्या पुलांवर आली. स्वतःची मोटार घेऊन जाणाऱ्यांसाठी मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल इतकी आहे. पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

सर्व बार एकाच क्षणी बंद करण्याऐवजी मद्य देणे दीडला थांबवून खाणे-पाणी पुढे चालू ठेवता आले, तर ही झुंबड टळेल. उपाहारगृहाला चोवीस तास मुभा आणि त्याच जागी मद्याचा परवाना असला की दीडला कुलूप, अशी सध्याची रचना आहे. त्यामुळे प्यायलेला माणूस नेमक्या त्या वेळी रस्त्यावर येतो, ज्या वेळी त्याला तासभर जेवायला बसवून ठेवणे सर्वांच्याच सोयीचे ठरले असते. चाळीतील रहिवाशांचा आक्षेपही मुख्यतः रस्त्यावरील या गोंगाटाला आहे. निवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ती ध्वनिक्षेपकाला लावता येते, गाड्यांच्या हॉर्नला आणि टॅक्सीसाठी हुज्जत घालणाऱ्या घोळक्याला कोण लावणार?

वर्षातील एका रात्री मात्र हे सारे जुळवले जाते. ३१ डिसेंबरला राज्य सरकार बारना पहाटे पाचपर्यंत मुभा देते आणि त्याच रात्री पश्चिम व मध्य रेल्वे मध्यरात्रीनंतर विशेष लोकल सोडतात. पोलिसांचा बंदोबस्तही वाढवलेला असतो.

एरवी दीड वाजता ग्राहक निघून गेल्यावर टेबले पुसणारे, भांडी घासणारे आणि हिशेब लावणारे मागे राहतात. रात्री साडेनऊनंतर महिला कर्मचाऱ्याला कामावर ठेवायचे, तर तिची संमती आणि घरापर्यंत वाहनाची व्यवस्था मालकाने केली पाहिजे, असे २०१७ चा कायदा सांगतो. पुरुष वेटर व आचाऱ्यांसाठी अशी तरतूद नाही. विरार, कळवा वा मुंब्य्राला राहणाऱ्यांपुढे मग पहाटेच्या पहिल्या लोकलची वाट पाहण्यावाचून पर्याय उरत नाही आणि ‘मुंबई २४ तास’विषयीच्या आजवरच्या चर्चेत त्यांच्या परतीचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर आलेला नाही.