खाऱ्या पाण्यांतील माशाचा उपवास

दिवाणखान्यांत कांचेची पेटी मांडून तींत रंगीत मासे बाळगण्याची हौस सोलापुरास नवी नाहीं. गोड्या पाण्यांतील मासे कित्येक घरीं मुलांच्या देखरेखीखालीं सुखानें वाढतात. परंतु कांहीं हौशी गृहस्थांची दृष्टि आतां समुद्रांतील माशांकडे वळली आहे. समुद्र येथून शेंकडों मैल दूर. तेव्हां लिटरभर पाण्यास सुमारें 35 ग्रॅम या प्रमाणांत तयार मिठाची भुकटी विरघळवून घरींच समुद्र करावा लागतो. एवढा खटाटोप करून आणलेला मासा पुष्कळदां अन्नास तोंडही लावीत नाहीं. अशा वेळीं पाळणाऱ्याचें कर्तव्य काय, याविषयीं विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें कांहीं विचार मांडावयाचे आहेत.

"भूक लागली म्हणजे आपोआप खाईल," असें सामान्यतः म्हटलें जातें. आमच्या समजुतीप्रमाणें हें मत चुकीचें असून त्यापायीं अनेक मुके जीव प्राणांस मुकतात. भाकरी व शेंगाची चटणी यांवर वाढलेल्या मुलापुढें अनोळखी पक्वान्न ठेवलें, तरी तें अन्न आहे एवढें त्यास कळतें. प्रवाळांच्या खडकावर जिवंत जीव टिपून जगलेल्या माशास मात्र पाण्यावर तरंगणारी कोरडी चकती हें अन्न आहे, हेंच ठाऊक नसतें. त्याच्या लेखीं ती पालापाचोळ्यासारखी होय. भूक वाढल्यानें ही ओळख पटत नाहीं, केवळ शक्ति क्षीण होते.

दुसरी चूक याहून घातक आहे. मासा खात नाहीं असें दिसतांच काळजीपोटीं अधिकाधिक अन्न टाकलें जातें. तें कुजतें, त्यापासून अमोनिया उत्पन्न होतो, आणि उपाशी मासा विषारी पाण्यांत सांपडतो. अमोनियाचा नाश करणारे सूक्ष्म जंतु नव्या पेटींत पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर तर हा धोका विशेषच असतो.

म्हणून प्रथम अन्नाचा विचार बाजूस ठेवून माशाची स्थिति पाहावी. लपावयास खडकाची कपार नसेल, दिवा प्रखर असेल, किंवा पेटींतील जुना मासा अंगावर धांवून येत असेल, तर भ्यालेला जीव जेवणार कसा? आपल्या गांवचा उन्हाळाही विसरून चालत नाहीं. उष्ण समुद्रांतील बहुतेक शोभेच्या माशांस 25 ते 27 अंश सेल्सिअसचें पाणी मानवतें. येथें वैशाखांत हवाच 40 अंशांच्या वर जाते. पाणी जसजसें तापतें, तसतसा त्यांत विरघळणारा प्राणवायु कमी होतो, आणि धापा टाकणाऱ्या माशास अन्नाची वासना राहत नाहीं. पाणी गार ठेवण्याचा खर्च ज्यास झेपत नाहीं, त्यानें या वाटेस न जाणेंच बरें.

स्थिति सुधारल्यावर अन्नाचा क्रम येतो. आर्टेमिया नांवाच्या, कोळंबीच्या जातीच्या चिमुकल्या प्राण्याचीं सुकीं अंडीं बाजारांत मिळतात. मिठाच्या पाण्यांत हवा सोडून ठेवल्यास तीं सुमारें एका दिवसांत फुटतात. हीं वळवळणारीं पिलें दिसलीं कीं पुष्कळ माशांची शिकारी वृत्ति जागी होते. लांब तोंडाच्या बटरफ्लाय फिशपुढें उघडलेली तिसरी शिंपल्यासकट ठेवून पाहावी. फटींतून टोंचून खाण्याची त्याची संवय तेथें उपयोगीं पडते. एकदां तो खाऊं लागला म्हणजे जिवंत अन्नांत थोडें गोठविलेलें, पुढें बारीक चिरलेली कोळंबी, आणि शेवटीं कोरडें अन्न, असा पालट हळूंहळूं करावा. शेजारीं चांगला खाणारा, शांत स्वभावाचा मासा असल्यास त्याचें पाहून नवखाही शिकतो. दर वेळीं चिमूटभरच घालावें व उरलेलें लागलेंच काढून टाकावें. या कामास आठवडे लागतात. ज्यास घाई आहे त्याच्या हातीं यश येत नाहीं.

परंतु कांहीं जातींपुढें हे उपायही थकतात. बटरफ्लाय फिशच्या कित्येक जाति केवळ जिवंत प्रवाळ खातात. मँडरिन मासा दिवसभर खडकावरील सूक्ष्म जीव वेंचीत असतो. लहानशा नव्या पेटींत ते लौकरच संपतात व तो झिजूं लागतो. समुद्रघोड्यास तर जठरच नसतें, म्हणून त्यास दिवसांतून अनेकदां खावें लागतें. शिवाय 2001 सालापासून त्यास वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे; त्याचा मोहच नको. असे मासे पोट खपाटीस जाऊन, पाठ सुकून, कसलाही आवाज न करतां मरतात. दुकानदार दुसरा देतो, आणि रिकामी झालेली जागा पुन्हां समुद्रांतूनच भरली जाते.

आमचें मत असें कीं, माशाचा उपवास सोडविण्याची खरी वेळ तो विकत घेण्यापूर्वींची होय. "हा केवढ्याचा?" हें विचारण्याआधीं "हा काय खातो?" हें विचारावें, आणि आपल्या डोळ्यांदेखत त्यास खाऊं घालावयास सांगावें. खात नसेल तर आणूं नये. दया येऊन आणला, तरी त्याच्या जागीं तसाच दुसरा मागविला जातो. याहून उत्तम म्हणजे मनुष्याच्या देखरेखीखालीं जन्मलेला मासा घ्यावा. क्लाउन फिशचीं अंडीं सुमारें आठवड्यानें फुटतात. पिलांस प्रथम रोटिफर नांवाचे सूक्ष्म जीव व मग आर्टेमिया देऊन वाढवितात, आणि तीं लहानपणींच कोरडें अन्न ओळखूं लागतात. महाराष्ट्राच्या कांदळवन कक्षानें ऐरोली येथें अशा पैदाशीचें केंद्र उभारलें, ही समाधानाची गोष्ट आहे.

कोणी म्हणेल, मद्रासेस 1909 सालीं व मुंबईस 1951 सालीं मत्स्यालयें उघडलीं, तेथेंही समुद्रांतून पकडलेलेच मासे होते. मग आम्हांसच बंधन कां? तीं दोन्ही मत्स्यालयें समुद्राच्या कांठीं होतीं, मासे सांभाळणें हेंच तेथील सेवकांचें काम होतें, आणि तेथील एकेका पेटीनें हजारों लोकांस समुद्राची ओळख करून दिली. आपल्या घरची पेटी चौघांच्या करमणुकीची. सकाळीं मुलें शाळेस जातात, वडील कामावर जातात, आणि मासा एकटा राहतो.

पालकांस एवढीच विनंति कीं, मुलानें समुद्रांतील माशाचा हट्ट धरल्यास त्यास प्रथम महिनाभर नुसतीं आर्टेमियाचीं अंडीं उबवावयास सांगावें. मीठ मोजणें, पिलें गाळणें, भांडें धुणें हें परीक्षेच्या दिवसांतही त्यानें न चुकतां केलें, तर मासा अवश्य आणावा. न जमलें, तर थोडक्या पैशांत एक जीव वांचला असें समजावें.