दोस्त

‘दोस्त’ हा शब्द मराठीत आला फारसीतून. बहामनी, निजामशाही आणि आदिलशाही दरबारांच्या काळात फारसी शब्दांचा जो लोंढा मराठीत शिरला, त्यातलाच हा एक. त्याचे मूळ मात्र त्याहून कितीतरी जुने. इराणमधील नक्श-ए-रुस्तम येथील पहिल्या दारियसच्या शिलालेखात (राज्यकाळ इ. स. पू. 522 ते 486) ‘दौश्तर्’ हे प्राचीन फारसी रूप आढळते, तेथे राजा स्वतःला न्यायाचा दोस्त म्हणवतो. याच कुळातला संस्कृत धातू म्हणजे ‘जुष्’, अर्थात आवडणे, रमणे. त्यावरून ‘जोष्टृ’, म्हणजे प्रेम करणारा. संस्कृतातल्या काही ‘ज’ आणि ‘ह’च्या जागी प्राचीन फारसीत ‘द’ येतो, हा मोठा मनोवेधक नियम. ‘हस्त’ आणि दस्तखतातला ‘दस्त’ यांचे नाते तेच. म्हणून दोस्ताला निव्वळ परका मानणे बरोबर नाही. तो दूरचा भाऊबंद आहे. शिवकाळातील राज्यव्यवहारकोशाने कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, पण घरगुती बोलीतला दोस्त टिकला. आज त्याला ‘दोस्ता’, ‘दोस्तांनो’ अशी अस्सल मराठी संबोधने आहेत.