चष्म्याकडून पुन्हा कॉन्टॅक्ट लेन्सकडे : आपली भूमिका काय असावी?

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील आपल्या चिकित्सालयांत आणि औषधालयांत अलीकडे एका निराळ्या प्रकारचा नेत्ररुग्ण दिसू लागला आहे. महाविद्यालयीन वयात त्याने कॉन्टॅक्ट लेन्स वापरलेली असते. पुढे नोकरी, संसार, धूळ, आळस अशा कोणत्या ना कोणत्या कारणाने ती सुटते आणि दहा-बारा वर्षे चष्म्यावर निघून जातात. आता त्याला पुन्हा लेन्सकडे वळायचे असते. कोणाच्या घरी लग्नकार्य असते, कोणाला दुचाकीवर शिरस्त्राणाखाली चष्मा नकोसा होतो. २०२० नंतरच्या मुखपट्टीच्या काळात काचांवर वाफ धरण्याच्या त्रासानेही अनेकांना जुन्या लेन्सची आठवण झाली. हा रुग्ण नेत्रतज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी पुष्कळदा आपल्याकडे येतो आणि विचारतो, "वैद्यराज, डोळे कोरडे पडतात, लेन्स लावण्याआधी काही थेंब द्या."

या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, यावर त्याची दृष्टी आणि आपल्या शास्त्राची प्रतिष्ठा या दोन्ही गोष्टी अवलंबून आहेत, असे आम्हांस वाटते. म्हणून हा विषय सभासदांपुढे मांडत आहोत.

दोन टोकांची मते

आपल्या वर्तुळात या बाबतीत दोन टोकांची मते ऐकू येतात. पहिले मत असे की, लेन्स हे डोळ्यातील आगंतुक शल्य होय आणि शल्य काढून टाकणे हाच आपला धर्म. सबब लेन्स वापरणाऱ्यास सरळ नकार द्यावा. दुसरे मत असे की, लेन्स हा आधुनिकांचा विषय आहे, त्याच्याशी आपला संबंध नाही. रुग्ण मागेल ते नेत्रबिंदू द्यावेत आणि मोकळे व्हावे.

आमच्या मते ही दोन्ही मते सदोष आहेत. ज्या अंगाचे नावच शलाकेवरून पडले, त्या शालाक्यतंत्राने डोळ्याजवळ उपकरण नेण्यास कधीही संकोच केलेला नाही. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग वर्णिले आणि त्यांपैकी अनेकांवर शस्त्रकर्म सांगितले. उपकरण बाहेरचे आहे एवढ्याच कारणाने ते त्याज्य ठरत नाही. ते कोणासाठी, कोणत्या काळी आणि किती वेळ वापरावे, हा विचार महत्त्वाचा. दुसऱ्या मतातील दोष अधिक गंभीर आहे. लेन्स घातलेल्या डोळ्यात आपले औषध पडते, तेव्हा आपला संबंध आपोआप जडतो. तो नाकारता येत नाही.

मधल्या काळात काय बदलते?

लेन्सचा इतिहास आपण समजतो त्याहून जुना आहे. १८८८ मध्ये झुरिकच्या अडोल्फ फिक यांनी काचेच्या लेन्सचे वर्णन प्रसिद्ध केले. १९६१ मध्ये झेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तर्ले यांनी मुलांच्या खेळण्यातील सुट्या भागांपासून घरीच यंत्र जुळवून पहिल्या मऊ लेन्स ओतल्या. १९७१ मध्ये अमेरिकेत मऊ लेन्सला मान्यता मिळाली आणि १९९९ च्या सुमारास प्राणवायू अधिक प्रमाणात जाऊ देणाऱ्या सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्स बाजारात आल्या. डोळ्याचा पारदर्शक पडदा, म्हणजे स्वच्छमंडल, रक्तवाहिन्यांविना असतो आणि प्राणवायू मुख्यतः हवेतून घेतो. हे ध्यानी घेतले म्हणजे या शेवटच्या सुधारणेचे मोल कळते. दहा-बारा वर्षांपूर्वी जुन्या प्रकारची लेन्स सोडलेल्या रुग्णास आज अधिक चांगली लेन्स मिळू शकते, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

परंतु लेन्स सुधारली तरी डोळा तोच राहिलेला नसतो. या संदर्भात तीन गोष्टी प्रत्येक सभासदास ठाऊक असाव्यात.

पहिली गोष्ट क्रमांकाची. चष्म्याचा क्रमांक तसाच्या तसा लेन्ससाठी चालत नाही. चष्मा डोळ्यापासून सुमारे १२ मिलिमीटर दूर असतो, तर लेन्स डोळ्यावरच बसते. क्रमांक ४ च्या पुढे गेला की हा फरक जाणवू लागतो. चष्म्याचा उणे ६ क्रमांक लेन्समध्ये सुमारे उणे साडेपाच होतो. याखेरीज लेन्सची वक्रता आणि व्यास डोळ्याच्या मापाने ठरवावे लागतात व ही मापे चष्म्याच्या चिठ्ठीवर नसतात. म्हणून चष्म्याच्या चिठ्ठीवरून किंवा जुन्या डबीवरील आकड्यांवरून लेन्स मागवणे चुकीचे आहे.

दुसरी गोष्ट वयाची. पंचविशीत लेन्स सोडलेला मनुष्य चाळिशीत परत येतो. लघुदृष्टीच्या रुग्णास चाळिशीनंतर चष्मा काढून जवळचे वाचता येते, हा त्याचा नकळत चाललेला सोयीचा मार्ग असतो. लेन्स घातल्यावर तो मार्ग बंद होतो आणि जवळच्या वाचनासाठी वेगळा चष्मा लागतो. "लेन्स घेतली आणि अक्षरे दिसेनाशी झाली" ही तक्रार अशा वेळी तिमिराची समजून औषधयोजना करणे व्यर्थ होय.

तिसरी गोष्ट अश्रूंची. वयाबरोबर, विशेषतः स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर, डोळ्यांचा ओलावा घटतो. मधुमेह, सर्दीवरील काही आधुनिक गोळ्या आणि तासन्‌तास संगणकाकडे एकटक पाहणे यांनी त्यात भर पडते. शुष्काक्षिपाकाची लक्षणे असलेल्या डोळ्यावर लेन्स चढवणे म्हणजे कोरड्या पात्रात रोप लावण्यासारखे आहे.

खानदेशाची हवा

पुण्या-मुंबईच्या दमट हवेत बसलेली लेन्स खानदेशात तशीच बसेल, असे मानू नये. चैत्र-वैशाखात तापीच्या खोऱ्यात पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढतो आणि हवेत ओल राहत नाही. ग्रीष्मात वाताचा संचय होतो, हे आपण ऋतुचर्येत शिकलो. लेन्सधारकाच्या डोळ्यात त्याचा प्रत्यय कोरडेपणा, खुपणे आणि लाली या रूपांनी येतो. जळगावच्या डाळ गिरण्या, दोन्ही जिल्ह्यांतील जिनिंग कारखाने, दोंडाईच्याच्या बाजारातील मिरची या ठिकाणी काम करणाऱ्यांच्या डोळ्यांत आणि बोटांवर दिवसभर काय असते, ते सांगावयास नको. शेतातील काडी-कचऱ्याने डोळ्याला ओरखडा उठला तर बुरशीजन्य व्रण होण्याची भीती आपल्या देशात नेहमीच असते.

ज्यांना निवड शक्य आहे त्यांनी लेन्सचा पुनरारंभ भर उन्हाळ्यात न करता पाऊस सरल्यावर करावा, पहिल्या दिवशी काही तासच वापरून वेळ हळूहळू वाढवावी, असा सल्ला आपण अवश्य द्यावा. डोळे येण्याच्या साथीत तर लेन्सला हातही लावू नये. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर पसरलेली साथ सर्वांच्या स्मरणात असेलच.

पाण्याचा मुद्दा स्वतंत्रपणे सांगण्यासारखा आहे. आपल्या अनेक गावांत आणि शहरांच्या भागांत नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि ते टाक्यांत व पिंपांत साठवले जाते. अशा पाण्यात ॲकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सवाटे स्वच्छमंडलात शिरल्यास होणारा व्रण अत्यंत वेदनाकारक असतो, महिनोन्‌महिने बरा होत नाही आणि दृष्टी घालवू शकतो. म्हणून लेन्स किंवा तिची डबी नळाच्या पाण्याने, उकळून थंड केलेल्या पाण्याने अथवा गुलाबजलाने धुऊ नये. लेन्स घालून स्नान करू नये, विहिरीत वा तलावात पोहू नये.

औषधालयाच्या गल्ल्यावर

औषधी विक्रेते सभासदांस आमची विशेष विनंती आहे. साधे सलाईन आणि लेन्सचे निर्जंतुक करणारे द्रावण या दोन वस्तू एक नव्हेत. सलाईनने लेन्स ओली राहते, निर्जंतुक होत नाही. २००६ मध्ये बॉश अँड लॉम्ब कंपनीचे एक लेन्स-द्रावण फ्युसेरियम बुरशीच्या व्रणांच्या अनेक घटना उघडकीस आल्यावर जगभरातून मागे घेण्यात आले. त्या प्रकरणात डबीतील जुने द्रावण न फेकता त्यातच नवे ओतण्याची सवय हेही धोक्याचे एक कारण असल्याचे पुढे आले. बाटली विकताना "रोज जुने द्रावण ओतून द्या, बाटली उघडल्याची तारीख लिहून ठेवा, डबी दर तीन महिन्यांनी बदला" ही तीन वाक्ये उच्चारण्यास अर्धा मिनिटही लागत नाही.

१ एप्रिल २०२० पासून देशातील सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत. केवळ शोभेसाठी वापरल्या जाणाऱ्या रंगीत लेन्स लग्नसराईत बांगड्या-टिकल्यांबरोबर मिळतात. त्यांना क्रमांक नसला तरी धोका तोच असतो. आपल्या औषधालयात तपासणीविना अशी लेन्स विकली जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपले औषध आणि त्यांची लेन्स

आता आपल्या स्वतःच्या औषधांविषयी. सेक, आश्च्योतन, तर्पण, पुटपाक, अंजन या क्रियाकल्पांची उपयुक्तता आपण जाणतो. मात्र मऊ लेन्स स्पंजाप्रमाणे द्रव शोषून घेते. रंगीत क्वाथ, मध, घृत, अंजनाचे कण हे सारे तिच्यावर साचते आणि डोळ्याला दिवसभर चिकटून राहते. सुश्रुताचार्यांनी थकलेल्या, ज्वरग्रस्त आणि नुकत्याच रडलेल्या व्यक्तीस अंजन निषिद्ध सांगितले. त्यामागील तर्क एवढाच की, डोळ्याची अवस्था पाहून औषध घालावे. त्याच तर्काने लेन्स घातलेल्या डोळ्यातही अंजन निषिद्ध मानावे. क्रियाकल्पाचा क्रम चालू असेतोवर रुग्णाने चष्माच वापरावा. निर्जंतुक नसलेला घरगुती त्रिफळा-क्वाथ वा मध तर लेन्सधारकाच्या डोळ्यात कदापि जाऊ नये.

व्रणाच्या बाबतीत तर क्षणाचाही विलंब परवडत नाही. कृष्णगत रोगांपैकी सव्रण शुक्र किती कष्टप्रद आहे आणि तो असाध्य का गणला गेला, हे आपल्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. लेन्स लावून झोपणाऱ्यांत अशा व्रणाचा धोका अनेक पटींनी वाढतो. त्यास बहुधा कारणीभूत होणारा स्यूडोमोनास जंतू एक-दोन दिवसांतच स्वच्छमंडल उद्ध्वस्त करू शकतो. लेन्सधारकाने लाली, वेदना, प्रकाश सहन न होणे किंवा अंधुक दिसणे यांपैकी एकही तक्रार सांगितली, तर आपण थेंब देऊ नयेत. लेन्स काढण्यास सांगावे, ती डबीसह सोबत न्यावयास सांगावे आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. धुळ्यास भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावीही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दूरच्या तालुक्यातील रुग्णासही त्या दिवशी पोहोचता येईल अशी व्यवस्था आहे. पाठवणीची चिठ्ठी लिहिण्यात वैद्याचा कमीपणा नाही.

एक अप्रिय मुद्दा

"अमुक घृत घ्या, क्रमांक उतरेल, चष्मा आणि लेन्स दोन्ही सुटतील" अशा जाहिराती आजही भिंतींवर आणि पत्रकांवर दिसतात. लघुदृष्टीत बहुतांशी नेत्रगोलाची लांबी वाढलेली असते. वाढलेला गोल घृताने आखूड होत नाही. दृष्टिसंस्थेच्या विकारांवरील उपचारांची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे, हेही विसरू नये. नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने शालाक्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी १९ शस्त्रकर्मे स्पष्टपणे नमूद झाली. त्या अधिकारासाठी आपण आग्रह धरला. अधिकार मागणाऱ्याने खोट्या आश्वासनांपासून आधी दूर राहावे, असा लोकांचाही आग्रह असणार आणि तो योग्यच आहे.

याचा अर्थ आपल्याजवळ देण्यासारखे काही नाही, असा मुळीच नव्हे. निद्रा, आहार, पादाभ्यंग, संगणकापुढील विश्रांतीचे नियम, कोष्ठाची शुद्धी आणि ऋतूनुसार वागणूक यांविषयी रुग्णाशी निवांत बोलणारा चिकित्सक बहुधा वैद्यच असतो. लेन्सकडे परतणाऱ्या रुग्णास या सल्ल्याची खरी गरज आहे.

प्रस्ताव

आमची सूचना अशी आहे. प्रत्येक नेत्ररुग्णाच्या नोंदपत्रकात "कॉन्टॅक्ट लेन्स वापरता का? झोपताना काढता का?" हे दोन प्रश्न कायमचे असावेत. नेत्रबिंदू विकणाऱ्या प्रत्येक औषधालयात हाच पहिला प्रश्न विचारला जावा. संघटनेच्या पुढील जिल्हा बैठकीत एखाद्या नेत्रतज्ज्ञास आणि दृष्टिमापकास पाचारण करून या विषयावर एक तास खुली चर्चा घडवून आणावी, आणि तीतून निघालेली सूचनावली मराठीत छापून प्रत्येक सभासदाच्या भिंतीवर लागावी.

चष्मा वाईट आणि लेन्स चांगली, किंवा याउलट, असा निवाडा देणे हे आपले काम नाही. रुग्णाने विचारपूर्वक निवड करावी आणि निवडीनंतर त्याचा डोळा सुरक्षित राहावा, एवढे पाहणे मात्र निश्चितच आपले काम आहे. सभासदांनी या प्रस्तावावर आपली मते, विरोधी असली तरी, अवश्य कळवावीत.