लोखंडाचे फायदे फॉरवर्ड करून मिळत नाहीत

काही महिन्यांपूर्वी नांदगाव खंडेश्वरला मगरिबच्या नमाजनंतर माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील भेटले. वर्षानुवर्षे खर्रा खाणारे. गालाच्या आत जखम झाली, तपासणीत कॅन्सर निघाला, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले. त्यांनी मोबाईल पुढे केला. "सर, हे खरं आहे का? लोखंडाच्या कणांनी कॅन्सर जाळतात म्हणे. चिरफाड नाही. मग थोडं थांबू का?" मेसेजच्या शेवटी लिहिले होते की हे कुरआनने चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितले आहे.

मेसेजमधले विज्ञान खोटे नाही. आयर्न ऑक्साइड म्हणजे गंजाच्याच कुळातला पदार्थ. त्याचे काही नॅनोमीटर आकाराचे कण बनवतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हे कण शिरेतून दिले की यकृतातल्या काही निरोगी पेशी ते गिळतात आणि एमआरआयमध्ये तो भाग काळा दिसतो. गाठीत त्या पेशी नसतात, म्हणून गाठ उजळ उठून दिसते. दुसरा उपयोग उष्णतेचा. कण गाठीत सोडायचे आणि बाहेरून वेगाने दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र लावायचे. कण तापतात, आणि ४२ ते ४६ अंश सेल्सियसला कॅन्सरच्या पेशी मरू लागतात किंवा रेडिएशनपुढे कमजोर पडतात.

ही कल्पना १९५७ची. युरोपात मेंदूच्या गाठीसाठी तिला परवानगी मिळाली २०१० साली, तीही रेडिएशनच्या जोडीने. त्या उपचाराआधी रुग्णाच्या दातांत भरलेला धातूसुद्धा काढावा लागे. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत प्रा. धीरेंद्र बहादुर आणि कोल्हापूरच्या डी. वाय. पाटील विद्यापीठात प्रा. एस. एच. पवार यांच्या गटांनी असे कण बनवून त्यांवर संशोधन केले. पण तोंडाच्या कॅन्सरवर हा रोजचा इलाज अजून झालेला नाही. कण गाठीत सगळीकडे सारखे पसरवणे आणि शेजारच्या निरोगी भागाला झळ न लागू देणे, हेच अवघड आहे.

सूरह हदीदमध्ये लोखंडाचा आणि लोकांसाठी असलेल्या त्याच्या फायद्यांचा उल्लेख आहे. त्यावर माझे ईमान आहे. पण तो फायदा कसा काढायचा, किती अंशांवर, किती वेळ, हे शोधायची मेहनत माणसाला करावी लागते. ती मेहनत दुसऱ्यांनी करायची आणि आपण फक्त "आमच्याकडे आधीच होते" म्हणायचे, यात कुरआनची कोणती शान वाढते?

माझ्या वर्गात मुले कागदावर लोखंडाचा कीस पसरून खालून चुंबक फिरवतात. त्यांचे डोळे कसे चमकतात ते मी पाहतो. त्यांतली एखादी मुलगी उद्या प्रयोगशाळेत पोहोचू शकते. फक्त दहावीनंतर तिला घरी बसवू नका.

त्या गृहस्थांना मी एवढेच म्हणालो, "भाईसाहेब, हा इलाज येईल तेव्हा येईल. गाठ तोवर थांबणार नाही. नागपूरची तारीख चुकवू नका."

ते गेले. ऑपरेशन झाले. बोलणे अजून नीट जमत नाही, पण शाळेसमोरच्या पानठेल्यावर उभ्या पोरांना हातानेच 'नको' म्हणून सांगतात.

तोच मेसेज परवा मला दुसऱ्या ग्रुपवर पुन्हा आला. खाली अठरा जणांनी 'सुब्हानअल्लाह' लिहिले होते. "डॉक्टरांना विचारा" असे एकानेही लिहिले नव्हते.