बिलात देणगी नको, हिशेब द्या

म्हणे वीजबिलाखाली एक रकाना टाका. 'समाजसेवेसाठी ऐच्छिक देणगी.' दहा रुपये, वीस रुपये. त्यातून दवाखाना, वाचनालय, ॲम्ब्युलन्स. कामोठ्याच्या सोसायट्यांत सुशिक्षित मंडळी ही कल्पना मांडतात आणि स्वतःवरच खूष होतात.

मी विचारतो, दवाखाना कुणाचं काम? सार्वजनिक आरोग्य, साफसफाई, वस्तीसुधार, स्मशानं ही कामं १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं नगरपालिकांच्या यादीत घातली. २०१६ साली पनवेल महापालिका झाली, कामोठे तिच्यात गेलं. सिडकोला सेवाशुल्क भरलं, वर महापालिकेनं २०१६ पासूनचा मालमत्ता कर मागितला. माणसं रस्त्यावर उतरली ती त्यासाठी. दोनदा खिसा कापला, आता तिसरा हात 'ऐच्छिक'?

आणि बिलावर ऐच्छिक काय असतं? बिलामागं तोडणी उभी असते. २००३ च्या वीज कायद्याचं ५६ वं कलम : थकलं की पंधरा दिवसांची नोटीस, मग वायरमन. देणगी नाही भरली तर वीज जात नाही, हे भाड्याच्या खोलीतल्या बाईला कोण सांगणार? मीटर घरमालकाच्या नावावर. पैसा तिचा, पुण्य मालकाचं.

दोस्तांनो, दान आपल्याला जुनं ठाऊक आहे. दात्यानं विहीर बांधली की विहीर दात्याच्या जातीची. १९२३ चा बोले ठराव बघा. सार्वजनिक पैशातून बांधलेले, राखलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले, असं तो म्हणतो. त्याच हक्कानं २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले. सवर्ण कोर्टात काय म्हणाले? तळं खासगी आहे! १९३७ ला हायकोर्टात हरले. सार्वजनिक पैसा ही आपली लढायची जागा. ती देणगीदारांच्या कमिटीला सोडायची?

कुणी म्हणेल, तुम्ही पण वर्गणी काढता. काढतो. १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मासाठी द्यायला सांगितलं. पण ती आपली वर्गणी, आपल्या कामाला, आणि बैठकीत उठून तिचा हिशेब मागता येतो. सरकारचं काम उरकायला ती नाही. गटारात उतरून मेलेल्याच्या घरच्यांना तीस लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं २०२३ ला बजावलं ते सरकारला. दानशूरांना नव्हे.

रकाना छापायचाच तर असा छापा : आमच्या करातले किती रुपये दवाखान्यावर, किती सफाई कामगाराच्या पगारावर, किती ठेकेदाराच्या घशात. नाही छापत? माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. अर्जाची फी दहा रुपये. आपले दहा रुपये तिथं भरू.

जयभीम!