जागलीची मजुरी

पीक दाण्यात आलं की शेतकरी जागलीला गडी ठेवतो. गडी काही रात्रभर डोळे ताणून बसत नाही; माळ्यावर घोंगडी ओढून पडतो, डुकरं खसखसली की उठतो. सकाळी ‘तू झोपला होतास’ म्हणून त्याची मजुरी कापणारा मालक माझ्या तरी पाहण्यात नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र 19 मार्च 2021 रोजी जवळपास तेच केलं.

खटला मेनकॅप या धर्मादाय संस्थेविरुद्ध होता. यॉर्कशायरमधल्या एका घरात बौद्धिक अक्षमता असलेले दोन पुरुष राहत. रात्री दहा ते सकाळी सात त्यांच्या सोबतीला एक मदतनीस बाई असत. त्यांना वेगळी खोली होती, झोपायची मुभाही होती, पण कान उघडे ठेवून. नऊ तासांचे मिळून 29.05 पौंड. किमान वेतन तेव्हा तासाला 6.70 पौंड, म्हणजे नऊ तासांचे 60.30 झाले असते.

हा फरक द्यायला पहिला आक्षेप असा की, सोळा महिन्यांत बाईंना सहाच वेळा उठावं लागलं. आकडा खरा आहे. पण त्या सहा रात्री कोणत्या, हे संध्याकाळी कुणाला ठाऊक होतं? उरलेल्या रात्री बाई दहा वाजता दार ओढून घरी गेल्या असत्या तर संस्थेने ‘बरं झालं, काम नव्हतंच’ म्हटलं असतं का? नोकरीच गेली असती. घरी पोर तापाने फणफणत असेल तरी जिथून हलता येत नाही, तिथली झोप स्वतःची कशी?

दुसरा आक्षेप पैशांचा. अशा सगळ्या मदतनिसांची मागची थकबाकी द्यायची तर चाळीस कोटी पौंड लागतील, संस्था बुडतील, अशी ओरड झाली. भीती खोटी नव्हती. पण एवढी रक्कम थकली याचाच अर्थ असा की, इतकी वर्षं अपंगसेवेचा खर्च सरकारबरोबर या कमी पगाराच्या बायाही उचलत होत्या, न विचारता.

न्यायाधीशांवर माझा राग नाही. झोपेच्या पाळीला तासाचा दर नको, भत्ता द्यावा, असं किमान वेतनाबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या लो पे कमिशनने 1998 सालीच सुचवलं होतं. नियमही त्याच वळणाचे झाले. कामासाठी जागं असाल तेवढाच वेळ मोजायचा! खालच्या दोन पायऱ्यांवर बाई जिंकल्या, 2018 साली अपील न्यायालयात हरल्या आणि शेवटीही हरल्या. कायद्याचा अर्थ बरोबर लागला असेल. मग कायदाच चुकला आहे आणि तो संसदेने दुरुस्त करावा.

दुरुस्ती अवघड नाही. मालकाच्या सांगण्यावरून जागेशी बांधलेला प्रत्येक तास किमान वेतनाचा, आणि उठावं लागलं तर त्यावर जादा. जागता पहारा आणि निजती सोबत यांत फरक ठेवा, माझी हरकत नाही. पण तो किमान वेतनाच्या वर ठेवा, खाली नको. आणि हे बिल संस्थेच्या दानपेटीवर टाकू नका. ही सेवा बहुतेक ठिकाणी स्थानिक कौन्सिलच विकत घेते. तिने रात्रीचा भाव ठरवताना नऊ तास नऊच धरावेत.