रिडेव्हलपमेंट होईपर्यंत काय प्यायचं?

मुलुंड पूर्वेला सत्तरच्या दशकात बांधलेल्या कुठल्याही सोसायटीत जा आणि नळाला सकाळी गढूळ पाणी का येतं, असं विचारा. उत्तर मिळेल ते बिल्डरबद्दल. ‘आता काय, आमचं रिडेव्हलपमेंटला चाललंय.’ हे ‘चाललंय’ कुठे दोन वर्षं चाललेलं असतं, कुठे बारा. तोवर टाकीचं झाकण तुटतं आणि त्याच्या जागी पत्र्याचा तुकडा अन् वर दोन विटा येतात. पाइप गळू लागला की सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली जाते. खर्च करायचा नाही, कारण इमारत पाडायचीच आहे. पाडायच्या इमारतीत राहणारी माणसं आज पाणी पितात, हे मात्र सभेच्या इतिवृत्तात कुठेही येत नाही. इतिवृत्त मीच लिहिते, त्यामुळे खात्रीने सांगते.

शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून सोसायटीची सेक्रेटरी झाले. या पदाला मान कमी आणि फोन फार. निम्मे फोन पाण्याचे. त्यातल्या बहुतेकांचा सूर एकच: ‘मॅडम, महानगरपालिका घाण पाणी सोडते.’

सोडते का? वैतरणा, तानसा, भातसाचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतं आणि भांडुप किंवा पांजरापूरला शुद्ध होतं. रसायन घालून गाळ खाली बसवायचा, वाळूतून गाळायचं, मग क्लोरीन. भांडुपचं ते अवाढव्य संकुल आमच्यापासून रेल्वेने दोन स्टेशनं. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतीय मानक ब्युरोने देशातल्या राजधान्यांच्या शहरांतलं नळाचं पाणी तपासलं, तेव्हा रामविलास पासवान केंद्रात ग्राहक व्यवहार मंत्री होते. त्या यादीत मुंबई पहिली आली, सगळे नमुने पास झाले. दिल्ली तळाला होती. आम्ही ती बातमी सोसायटीच्या ग्रुपवर फिरवली, अभिमानाने अंगठे दाखवले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गढूळ पाण्याचे फोन सुरू.

महानगरपालिकेचा काहीच दोष नाही, असं मी म्हणत नाही. मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी दिवसातून काही तासच येतं. उरलेल्या वेळात रस्त्याखालच्या जलवाहिनीत दाब नसतो. वाहिनीला भोक असेल आणि शेजारून गटार वाहत असेल, तर रिकाम्या होणाऱ्या वाहिनीत बाहेरचं पाणी ओढलं जातं. पुरवठा सुरू झाला की पहिल्या लोंढ्यात तेच येतं. हे दुखणं जुनं आहे आणि ते पालिकेचंच आहे. पण मीटरच्या अलीकडचं? जमिनीखालची टाकी, पंप, गच्चीवरची टाकी, तिथून स्वयंपाकघरात उतरणारे डाउनटेक पाइप, हे सगळं सोसायटीचं. तिथे तक्रार करायला वॉर्ड ऑफिस नाही. तिथे आपणच.

आमच्याकडे कावीळ झालेली तीन मुलं एकाच विंगमधली निघाली तेव्हा मी हायड्रोजन सल्फाइडच्या बाटल्या आणल्या. खेडोपाडी विहिरीचं पाणी तपासायला वापरतात त्याच. बाटलीत रसायन लावलेला कागद असतो. खुणेपर्यंत पाणी भरायचं, बूच लावायचं आणि एक-दोन दिवस नुसतं ठेवून द्यायचं. मैलापाण्यातले जंतू असतील तर पाणी काळं पडतं. प्रयोगशाळेच्या अहवालाची सर याला नाही, पण कुठे बोट ठेवायचं ते कळतं. मी एक बाटली मीटरजवळच्या नळावर भरली, दुसरी जमिनीखालच्या टाकीतून, तिसरी तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून. तिन्हींवर चिठ्ठ्या चिकटवून फ्रिजवर ओळीने मांडल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीटरजवळची बाटली होती तशीच फिकट तपकिरी. बाकीच्या दोन शाईसारख्या काळ्या. तिन्ही बाटल्या मी वॉचमनच्या टेबलावर नेऊन ठेवल्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला बघू दिल्या. त्या दिवसापासून ‘महानगरपालिका सोडते’ हे वाक्य निदान आमच्या जिन्यात तरी ऐकू येत नाही.

टाकी उपसल्यावर कारण समोरच होतं. ड्रेनेजचं चेंबर आणि टाकीची भिंत यांत हातभर अंतर आणि भिंतीला कोपऱ्यात उभी चीर. जुन्या इमारतींत ही रचना सर्रास सापडते; तेव्हा जागा वाचवायची म्हणून सगळं एकाच कोपऱ्यात घातलं. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलं की चेंबरमधलं पाणी चिरेतून आत. वर टाकीच्या तळाशी गाळाचा थर. पिण्याच्या पाण्यात नळापर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं, असं भारतीय मानक सांगतं. भांडुपहून निघालेलं क्लोरीन असल्या गाळाशी झुंजून टाकीतच संपतं, वर चौथ्या मजल्यावर काय पोहोचणार?

आमचा प्लंबर ओडिशातल्या केंद्रपाडाचा. मुंबईतले किती तरी प्लंबर त्या एका जिल्ह्यातून येतात. पाइपला हात लावायच्या आधीच तो म्हणाला, ‘मॅडम, इसको छूने से टूटेगा.’ खरंच, पाना लावताच जीआय पाइपचा तुकडा हातात आला. इंचाचा पाइप, पण आत गंजाची पुटं चढून जेमतेम पेन्सिल जाईल एवढी वाट राहिलेली. तो तुकडा मी जपून ठेवला आहे. सभेत भाषणापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

जाता जाता एक सूचना, कारण त्यात जीव जातात. बंद टाकीत माणूस उतरवण्याआधी झाकणं बराच वेळ उघडी ठेवून हवा खेळवावी लागते आणि वर दुसरा माणूस लागतो. मार्च २०२५ मध्ये नागपाड्यात टाकी साफ करायला उतरलेले कामगार गुदमरून गेले. स्वस्तात काम करून घेताना ही गोष्ट कोणी विचारत नाही.

आता घाण पाण्यावर आम्हा मध्यमवर्गीयांनी शोधलेला उपाय. टाकीला हात लावायचा नाही, प्रत्येकाने आपल्या ओट्यावर मशिन लावायचं. मध्यंतरी एक विक्रेता आमच्याकडे आला. टेबलावर दोन ग्लास मांडले, एकात नळाचं पाणी, एकात त्याच्या आरओचं. दोन्हींत विजेचे दांडे बुडवले, बटण दाबलं. मिनिटभरात नळाचं पाणी चहासारखं झालं, वर फेस. ‘काकू, हे तुम्ही नातवंडांना पाजताय.’ शेजारणीचा चेहरा पडला. मी आतून मीठ आणलं आणि चिमूटभर त्याच्या स्वच्छ ग्लासात टाकलं. बटण पुन्हा दाबायला लावलं. तेही चहासारखं. रंग पाण्याचा नव्हताच, दांड्याच्या लोखंडाचा होता. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजून पाण्यात उतरतं. आरओच्या पाण्यात क्षारच नसतात म्हणून वीज वाहत नाही आणि ते स्वच्छ दिसतं. आठवी-नववीच्या पुस्तकातलं विद्युत अपघटन. त्याने दांडे पुसून बॅगेत घातले.

मुंबईच्या तलावांचं पाणी मुळात मऊ. माझ्या घरच्या मीटरवर विरघळलेले क्षार लिटरला ऐंशी मिलिग्रॅमच्या आसपास दिसतात. मानकाची मर्यादा ५०० आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितलं होतं की क्षार ५०० पेक्षा कमी असतील तिथे आरओ वापरायला बंदी करा. पुढे त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, दुकानं तशीच चालू राहिली. बोअरवेलचं खारं पाणी पिणाऱ्यांना आरओ लागतो, हे मान्य. आपण मात्र वैतरणेवरून आणलेल्या गोड पाण्यातला मोठा हिस्सा मोरीत सोडून उरलेला पितो. जंतूंची भीती असेल तर साधं अतिनील दिव्याचं यंत्र पुरतं, नाहीतर उकळणं आहेच.

शिवाय मशिनचं पाणी आपण पितो तेवढंच. चूळ भरतो, भाजी धुतो, बाळाची वाटी विसळतो ते टाकीच्याच पाण्याने. आमचा वॉचमन टाकीला लागून असलेल्या नळाचं पाणी पितो, धुणं-भांडी करणाऱ्या ताईही तेच. त्यांच्या ओट्यावर कोण मशिन लावणार? आणि २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गुइलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा त्या भागातल्या अनेक खासगी आरओ केंद्रांचं पाणीही दूषित निघालं आणि महापालिकेला ती बंद करावी लागली. ‘आरओ’ ही अक्षरं म्हणजे काही शुद्धतेचा शिक्का नव्हे.

‘पाडायचीच आहे’ ही वृत्ती पाण्यापुरती थांबत नाही. गणपतीच्या आधी खिडक्यांच्या ग्रिलवरचा जुना ऑइलपेंट कोरडाच खरवडतात, भुगा घरभर. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत किती असेल ते कोण सांगणार? रांगणारं मूल तो भुगा बोटांनी तोंडात नेतं, आणि शिशाची ‘एवढी मात्रा चालेल’ अशी पातळी जागतिक आरोग्य संघटनेला सापडलेली नाही. पृष्ठभाग ओला करून घासा, मुलांना त्या दिवशी मामाकडे पाठवा, इतकंच. तसेच सांडपाण्याचे जुने सिमेंटचे पाइप आणि छपराचे सिमेंटचे पत्रे. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो. जागच्या जागी आहेत तोवर ठीक. घणाने फोडले की त्याचे तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात बसतात. शेजारच्या प्लॉटवर इमारत पाडताना हे रोज चालतं आणि आपण फक्त ‘धूळ फार येते’ म्हणतो.

माझं म्हणणं साधं आहे. ३० वर्षं झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट मुंबई महानगरपालिका अधिनियमाने बंधनकारक आहे. इंजिनिअर येतो, खांब ठोकून बघतो, बीमचे फोटो काढतो. त्याच फेरीत टाकी आणि चेंबर यांतलं अंतर मोजा, टाकीच्या चिरा बघा, डाउनटेकचा एक तुकडा कापून बघा, सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या नळाचं क्लोरीन आणि जंतू तपासा. अहवाल नोटीस बोर्डावर लावा. कायद्यात एका कलमाची भर पडली तर उत्तमच. तोवर वॉर्ड ऑफिसने ऑडिटच्या नोटिशीत दोन ओळी वाढवायला कुणाची हरकत असू नये. पैशाचं रडगाणं मला सांगू नका. उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का रक्कम दरवर्षी दुरुस्ती निधीत जमा व्हायला हवी, आणि अनेक सोसायट्यांत ती मुदत ठेवीत पडून असते. कशासाठी, तर रिडेव्हलपमेंटच्या वेळी वाटून घ्यायला.

आमची चीर बुजवली, आतून लेप दिला, चेंबरची जागा हलवली. घरटी जो वाटा आला तो एका चांगल्या मशिनच्या किमतीपेक्षा बराच कमी होता. पाइपांचं काम अजून अडून आहे. येत्या वार्षिक सभेत तो विषय मी पुन्हा ठेवला आहे आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका उठून काय बोलणार तेही ठाऊक आहे: बिल्डरचं पत्र कधीही येईल, आता कशाला? त्यांना विचारायचं आहे की टाकी-पाइप धड आहेत म्हणून कुठल्या बिल्डरने कुणाचा कार्पेट एरिया कमी केल्याचं त्यांच्या ऐकिवात आहे का. असेल तर मी प्रस्ताव मागे घेईन.